ज्याच्या हातचं आमिष

तिसरी कोळंबीही गळाला लावता लावता मेली, तेव्हा धक्क्यावरच्या सगळ्यांना एकाएकी आपापली कामं आठवली. कुणी रीळ पुसायला घेतलं, कुणी डब्याचं झाकण उघडून पुन्हा बसवलं, आणि एरवी दुसऱ्याच्या गळाच्या तरंगत्या बोयावरून ज्यांची नजर हलत नाही ते क्रेनतात्या चक्क आभाळाकडे बघत बसले. सिस्टरच्या हाताकडे कुणीही पाहिलं नाही. माणसं अशी ठरवून भलतीकडे बघायला लागली, की समजावं, सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

सिस्टरने मेलेली कोळंबी पाण्यात टाकली, गळ पुसला आणि उजवा हात स्वेटरच्या खिशात घातला.

"आज कोळंबीच मरतुकडी आहे," ती म्हणाली.

"उन्हाने," क्रेनतात्या आभाळाकडे बघतच म्हणाले. आभाळ ढगांनी गच्च भरलेलं होतं.

तिच्या मागे पालथ्या बादलीवर तिचा नवरा वर्तमानपत्र उघडून बसला होता. जन्मभर शहराच्या बसमध्ये तिकिटं फाडल्यामुळे धक्क्यावर त्याला सगळे कंडक्टरच म्हणत. मासे पकडण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. मासा लागला की लांब दांड्याची झोळी पाण्यात बुडवून तो वर उचलायचा, एवढंच त्याचं काम. बाकी वेळ तो वाचायचा, म्हणजे वाचतोय असं दाखवायचा. खरं तर तो बायकोचे हात बघत असे. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तरी या एका बाबतीत त्याची हौस फिटली नव्हती.

"चला घरी," सिस्टर म्हणाली.

भरती अजून अर्धीसुद्धा झाली नव्हती. चढतं पाणी सोडून सिस्टर उठलेली आजवर कुणी पाहिली नव्हती. कंडक्टरने वर्तमानपत्राची घडी घातली, बादली उचलली आणि काही न विचारता तो तिच्यामागे चालू लागला.

जिवंत कोळंबी गळाला लावायची म्हणजे काय, हे ज्याने केलं नाही त्याला सांगून पटायचं नाही. कोळंबीच्या डोक्यावर करवतीसारखा एक काटा असतो. त्याच्या जरा मागे, पारदर्शक कवचाखाली, एक काळा ठिपका दिसतो. तो ठिपका म्हणजे तिचा जीव. गळाचं टोक काटा आणि ठिपका यांच्या मधून, नुसत्या कवचाखालून, पलीकडे काढायचं. ठिपक्याला जरा धक्का लागला की कोळंबी पांढरी पडते, खेळ खलास. नीट लावली तर बोयाखाली ती बराच वेळ आपल्या आपण पोहत राहते, आणि तिच्या त्या पोहण्याला भुलून खडकाआडचा जिताडा बाहेर येतो. जिताडा हा माशांमधला जमीनदार. मेलेल्या कोळंबीकडे तो ढुंकून बघत नाही. मेलेलीला येतात ते खेकडे.

सिस्टर हे काम बोलता बोलता करायची. बोटांकडे न बघता, समोरच्याला त्याच्या खोकल्याचं औषध सांगत सांगत. यात नवल काही नव्हतं. हॉस्पिटलात लहान मुलांच्या वॉर्डात कुणाची शीर सापडेनाशी झाली, की तिला बोलावणं यायचं. रडून रडून निळ्या पडलेल्या पोराचा हात ती हातात घ्यायची, त्याला काहीतरी खुळचट प्रश्न विचारायची, आणि पोर उत्तराचा विचार करतंय तोवर सुई आत गेलेली असायची. रात्रपाळी संपली की घरी येण्याआधी ती थेट धक्क्यावर जायची. लग्नानंतर पहिल्यांदा कंडक्टरने कारण विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, "रात्रभर निपचित पडलेली पोरं बघितल्यावर काहीतरी जोरात उड्या मारणारं बघावंसं वाटतं." कंडक्टरने पुन्हा कधी विचारलं नाही. पुढच्या सुट्टीच्या दिवशी तो झोळी विकत घेऊन आला.

आणि आता त्याच हाताला कंप सुटला होता. आधी चहाचा कप बशीवर वाजायला लागला, मग सुईत दोरा जाईना. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, जिवाला धोका नाही, वयाबरोबर काहींना होतं. कप जड घ्या, चमचा जड घ्या. हातावर वजन असलं की थरथर कमी होते. त्याप्रमाणे घरात जाड बुडाचा कप आला, लोखंडासारखा जड चमचा आला, आणि जेवणखाण मार्गी लागलं. पण कोळंबीला वजन कुठून आणायचं?

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, शेजारच्याने कोळंबी लावून द्यावी आणि सिस्टरने काठी टाकावी. तेच तर होणार नव्हतं. या धक्क्याला कायदा होता.

फार पूर्वी एक बडा असामी तिथे मासे पकडायला येत असे. खुर्ची टाकून बसायचा. त्याची माणसं कोळंबी लावायची, माणसंच गळ टाकायची, आणि बोया बुडाला की काठी त्याच्या हातात द्यायची. मग मासा हातात धरून फोटो. हे बघून धक्क्यावरची मंडळी इतकी वैतागली, की तेव्हापासून नियमच झाला: ज्याच्या हातचं आमिष, त्याचा मासा. मासा वर आला की कुणीतरी मोठ्याने विचारायचं, "मासा कुणाचा?" आणि ज्याने कोळंबी लावली असेल त्याने सांगायचं, "माझा." विचारण्याचं काम क्रेनतात्यांकडे होतं. बंदरात उंच क्रेनवर बसून खालच्यांना हाका मारण्यात त्यांची हयात गेली होती, त्यामुळे त्यांचा आवाज पाण्यातल्या माशांनाही ऐकू जात असावा.

आणि या नियमाची सगळ्यात कडक राखणदार होती खुद्द सिस्टर. तात्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्यांना काळा ठिपका दिसत नव्हता. सिस्टरने त्यांना कोळंबी लावून दिली. तात्यांना मोठा जिताडा लागला, त्यांनी घाम गाळून तो वर आणला, आणि सवयीने स्वतःच ओरडले, "मासा कुणाचा?" सिस्टर शांतपणे म्हणाली, "माझा," आणि पिशवीत घालून घरी घेऊन आली. कंडक्टरला तो मासा खाताना संकोच वाटत होता. ती म्हणाली, "तात्यांना फुकटचा मासा दिला असता, तर ते उद्यापासून म्हातारे झाले असते." तात्या काही म्हातारे झाले नाहीत. डोळा बरा झाल्यावर पहिली कोळंबी त्यांनी तिच्या नाकासमोर धरून लावली.

मग हीच बाई आता दुसऱ्याच्या हातची कोळंबी घेऊन "मासा माझा" कशी म्हणणार?

कोळंब्या मेल्या त्या दिवसापासून सिस्टरने धक्क्याचं नाव टाकलं. काठी कपाटावर गेली. मुलीचा फोन आला तर म्हणाली, "कंटाळा आला गं, किती दिवस तेच तेच." मुलीलाही बरं वाटलं, त्या ओल्या दगडांवरून आई घसरेल या भीतीने तिचा जीव टांगणीला लागलेला असायचा. पण घरात सिस्टरने जो उच्छाद मांडला तो एकट्या कंडक्टरला माहीत. तिने सगळे डबे रिकामे करून घासले. मग पडदे. मग त्याचे जुने बूट. एकदा तर त्याला खुर्चीवर बसवून त्याचे कान तपासले.

भरतीच्या वेळेला मात्र ती खिडकीशी जाऊन उभी राहायची. त्या खिडकीतून समुद्र दिसत नव्हता, समोरच्या इमारतीची भिंत दिसायची. तिथे उभी राहून ती उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरून ठेवायची. कंडक्टर पाठमोऱ्या तिच्याकडे बघायचा आणि त्याला गलबलून यायचं. उभ्या आयुष्यात त्याने हजारो माणसं चढताना-उतरताना बघितली होती. पण असं, स्टॉप येण्याआधीच घंटी वाजवून उतरून गेलेलं माणूस त्याला बघवत नव्हतं.

एका सकाळी "फिरून येतो" म्हणून तो बाहेर पडला आणि धक्क्याच्या तोंडाशी असलेल्या कोळंबीवालीकडे गेला. तिच्या टपरीत खाऱ्या पाण्याची टाकी होती, टाकीत हवेचे बुडबुडे सोडणारं यंत्र घरघरत असायचं, आणि त्यात जिवंत कोळंब्या मागेपुढे करत असायच्या.

"सिस्टर कशा आहेत?" तिने विचारलं.

"बरी आहे. ताई, मला कोळंबी लावायला शिकवा."

कोळंबीवालीने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. कंडक्टर जिवंत माशाला हात लावत नाही हे सगळ्या धक्क्याला ठाऊक होतं. झोळीतला मासासुद्धा तो तोंड फिरवून पुढे करायचा.

"तुम्ही?"

"मी."

"बघा बुवा. ते तिकीट नव्हे, दिसेल तिथे भोक पाडायला."

पहिली कोळंबी त्याच्या हातातून उडून टपरीच्या छपराला लागली. दुसरीने काटा रुतवला, तेव्हा त्यानेच उडी मारली. काही दिवस असेच गेले. पण माणूस चिकाटीचा होता. चालत्या बसमध्ये, कोपरावर कुणाचं तरी पोर झोपलेलं असताना, सुट्टे पैसे मोजणारी बोटं होती ती. हळूहळू गळाचं टोक बरोबर काटा आणि ठिपक्याच्या मधून पलीकडे निघायला लागलं. फक्त एकच घोटाळा होता. गळ नेमका बसला, तरी कोळंबी थोड्याच वेळात मलूल व्हायची.

कोळंबीवालीने डोकं खाजवलं. "लावलीत तर बरोबर. मग मरते कशाने?"

पुन्हा लावायला सांगून ती त्याच्या हातांवर वाकली. मग एकदम तिने त्याची बोटं नाकाशी धरली.

"अहो, हे काय आहे?"

"साबण," कंडक्टर म्हणाला. "घरून निघताना धुतलेत. इथे नळावर पुन्हा धुतले." आणि त्याने खिशातून साबणाची डबीच काढून दाखवली.

नर्सशी संसार केलेला माणूस तो. हात धुतल्याशिवाय तो स्वतःच्या नाकालासुद्धा हात लावत नसे, तर जिवंत प्राण्याला कसा लावणार! कोळंबीवाली टाकीला टेकून इतकी हसली की आतल्या कोळंब्या एका कोपऱ्यात गोळा झाल्या.

"कंडक्टर, तिचं ऑपरेशन नाही करायचंय आपल्याला. जा, वाळूने हात घासा आणि समुद्राच्या पाण्यात बुडवा. आणि ती डबी परत इथे आणू नका."

त्या दिवशीची कोळंबी त्याने लावली, टाकीत सोडली, आणि चहा पिऊन परत आला तरी ती गळासकट ऐटीत पोहत होती. कंडक्टर तिच्याकडे बघतच राहिला. घरी जाऊन बायकोला सांगावं असं त्याला फार वाटलं, आणि तेच सांगता येत नव्हतं.

सांगायची गरजही पडली नाही. दोन दिवसांनी जेवायला बसताना सिस्टर म्हणाली, "हल्ली तुमच्या हातांना साबणाचा वास येत नाही."

"येतो की."

"नाही येत. हात दाखवा."

त्याने दाखवले. तिने बोटं एकेक करून उजेडात धरली. टोकांना बारीक बारीक टोचल्याच्या खुणा होत्या.

"हा कोळंबीचा काटा आहे," ती म्हणाली. "कुणासाठी चाललंय हे?"

"माझ्यासाठी."

"खोटं बोलू नका. तुम्हाला जमत नाही ते." तिने त्याचे हात सोडले. "मला कुणाची कीव नकोय. वॉर्डात बाकीच्यांनी माझं काम करायला सुरुवात केली, त्या दिवशी मी निवृत्तीचा अर्ज दिला. इथेही तेच. आणि नियम ठाऊक आहे ना? तुम्ही लावलीत, तर मासा तुमचा."

"तेच तर म्हणतोय मी," कंडक्टर म्हणाला. हे वाक्य त्याने टपरीवरून घरी येताना बरेच दिवस घोकलं होतं. "मला मासा हवाय. इतकी वर्षं झोळी धरली, पण माझ्या नावावर एक मासा नाही. कोळंबी आता लावता येते. पण काठी मला झेपायची नाही, मला बोयाची भाषा कळत नाही. काठी धरायला माणूस पाहिजे."

"म्हणजे मी तुमचा गडी?"

"ड्रायव्हर. तिकिटं मी फाडतो, गाडी तू चालव."

"आणि गाडी कुणाची?"

"ते डेपोवाले बघतील. आपण आपली ड्युटी करायची."

सिस्टर हसली नाही. तिने जड चमच्याने वरणाचा घास घेतला, सावकाश चावला, पाणी प्यायली. ताट उचलून आत गेली. आतून बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला. कंडक्टरला वाटलं, झालं, आता उद्या पुन्हा डबे घासायला निघणार.

नळ बंद झाला.

"ती काठी खाली काढा," आतून आवाज आला. "माझा हात पुरत नाही."

काठी वर ठेवताना तिचा हात पुरला होता, पण हे बोलून दाखवण्याइतका कंडक्टर अडाणी नव्हता. तो खुर्चीवर चढला. ती हात पुसत दाराशी आली.

"एक सांगून ठेवते. मासा लागला तर तात्या विचारतील. तेव्हा गप्प बसायचं नाही, सभ्यपणा करायचा नाही, 'आमचा' वगैरे तर मुळीच म्हणायचं नाही. 'माझा' म्हणायचं. ते जमलं नाही तर मी परत धक्क्यावर पाय ठेवणार नाही. कळलं?"

"कळलं."

"तोंडाने बोला."

"माझा म्हणेन," कंडक्टर खुर्चीवरून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या भरतीला दोघं धक्क्यावर आली. क्रेनतात्यांनी आपला डबा जरा बाजूला सरकवून तिची नेहमीची जागा मोकळी केली, आणि तिथे मधल्या काळात कुणीच बसलं नव्हतं हे कंडक्टरच्या लक्षात आलं.

सिस्टरने बोया तपासला, गळाच्या दोरीची, तंगुसाची लांबी पाण्याच्या खोलीप्रमाणे कमी केली, आणि गळ धरून नवऱ्यापुढे केला. तिचा हात थरथरत होता, त्यामुळे गळही हलत होता. कंडक्टरने वाळूने घासलेला हात खाऱ्या पाण्यात बुडवला, कोळंबी उचलली. सबंध धक्का बघत होता. त्याच्या कपाळावर घाम आला. काटा, ठिपका, मधलं कवच. टोक पलीकडे निघालं. कोळंबीने शेपटीचा एक सणसणीत फटका त्याच्या अंगठ्यावर मारला.

"जिवंत आहे," तो म्हणाला.

"दिसतंय," सिस्टर म्हणाली. पण तिने वाकून काळा ठिपका बघून घेतला, आणि तिच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. तेवढ्याने कंडक्टरला परीक्षा पास झाल्यासारखं वाटलं.

तिने काठी टाकली. लाल बोया खडकाच्या अलीकडे, जिथे पाणी वळण घेतं तिथे, अलगद पडला आणि प्रवाहाबरोबर चालू लागला. पहिली कोळंबी काही न घडता परत आली. दुसरीही. तिसरी लावताना कंडक्टरच्या कपाळावर घाम नव्हता.

बोया वळणाशी पोहोचला आणि एकदम थरारला. एकदा, दोनदा, मग नाचायलाच लागला.

"लागला! ओढ!" कंडक्टर म्हणाला.

"थांबा. मासा नाही तो. ती आपली कोळंबी आहे, घाबरलीय. खाली कुणीतरी आलंय आणि तिने त्याला पाहिलंय."

"मग?"

"मग काही नाही. त्याला ठरवू दे."

ती बोयाकडे बघत होती. वॉर्डात आजारी पोराच्या छातीकडे ती अशीच बघत असेल, असं कंडक्टरच्या मनात आलं. आत काय चाललंय ते वरच्या हालचालीवरून ओळखायचं, आणि हात लावायची घाई करायची नाही. बोया नाचायचा थांबला. इतका स्तब्ध झाला की कंडक्टरला वाटलं, गेलं सगळं. आणि मग तो, कुणीतरी मेजावरची वस्तू बोटाने सरकवावी तसा, प्रवाहाच्या उलट दिशेने तिरका सरकला आणि लाल रंग पाण्याखाली हिरवट होत होत दिसेनासा झाला.

सिस्टरने सैल पडलेलं तंगूस गुंडाळलं. दम धरला. आणि काठी उचलली.

काठीचा कमानीसारखा बाक झाला, रीळ किंचाळायला लागलं. खडकापाशी पाणी फुटलं आणि एक भला थोरला जिताडा अर्धा बाहेर येऊन जोरजोरात मुंडी झाडू लागला. सिस्टरने क्षणात काठीचं टोक खाली केलं, म्हणजे झटक्याने गळ निसटू नये. मासा पडला, तिने पुन्हा ताण दिला. तो खडकाकडे धावला, तिने काठी आडवी करून त्याला वळवला. ती दोन पावलं मागे गेली, एक पुढे आली. ओल्या दगडावर तिचा पाय कुठे चुकला नाही.

कंडक्टर झोळी धरून उभा होता, आणि माशाकडे बघायचं सोडून तिच्या हातांकडे बघत होता. हात थांबले होते. थरथर नावाला नव्हती. माशाचं सगळं ओझं काठीवरून तिच्या मनगटावर आलं होतं, आणि त्या ओझ्याखाली तो उजवा हात लहान पोरांच्या वॉर्डात होता तसा, अगदी तसाच स्थिर होता. कंडक्टरचे डोळे भरून आले. एवढी देखणी गोष्ट आपण दुसरी पाहिलेली नाही, असं त्याला अगदी स्पष्ट वाटलं.

"अहो, झोळी! रडताय काय, झोळी घाला!"

त्याने झोळी घातली. मासा आत आला आणि त्याच्या वजनाने कंडक्टरच खाली जाणार होता, तेवढ्यात तात्यांनी मागून त्याचा पट्टा पकडला. दोघांनी मिळून मासा वर घेतला. तो दगडावर आपटत राहिला, त्याचे खवले चांदीच्या भांड्यासारखे चकचकत होते. आजूबाजूचे आपापल्या काठ्या सोडून गोळा झाले. कोळंबीवालीही टपरी उघडी टाकून आली.

क्रेनतात्यांनी घसा साफ केला. मग ते थांबले.

"मासा सिस्टरचाच आहे," शेवटी ते हळूच म्हणाले. "विचारायचं काय त्यात? आपण सगळ्यांनी पाहिलं. असला मासा दुसऱ्या कुणाला आणता आला असता?"

"बरोबर आहे," आणखी कुणीतरी म्हणालं. माना डोलल्या.

"तात्या," सिस्टर म्हणाली. तिला दम लागला होता. "तुमच्या वेळी मी सोडलं होतं का? नीट विचारा. नेहमीसारखं."

तात्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग छाती भरून घेतली.

"मासा कुणाचा?"

आवाज पलीकडच्या धक्क्यापर्यंत गेला. कंडक्टरने तोंड उघडलं. जन्मभर "पुढे चला, पुढे चला" म्हणून ओरडलेला गळा, पण तो एक शब्द काही केल्या वर येईना. त्याने बायकोकडे पाहिलं. तिचं सारं अंग घामाने भिजलेलं होतं, केस कपाळाला चिकटले होते, आणि ती त्याच्याकडे रोखून बघत होती. आपण हा शब्द बोललो की तिचं काय जाणार आहे, ते त्याला माहीत होतं. आणि नाही बोललो तर काय जाणार आहे, तेही.

"माझा," कंडक्टर म्हणाला.

सिस्टरने काठी भिंतीला टेकवून ठेवली. हातावरचं ओझं गेलं तशी थरथर परत आली. नेहमीपेक्षा जास्तच, इतक्या श्रमानंतर. तिने हात स्वेटरला पुसला. तो खिशात जाईल असं सगळ्यांना वाटलं. तिने तो पुढे केला, सगळ्यांच्या देखत, नवऱ्यासमोर.

"अभिनंदन, कंडक्टर," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिने त्याला या नावाने कधी हाक मारली नव्हती.

हात हवेत थरथरत होता. या वेळी कुणी आभाळाकडे पाहिलं नाही, कुणाला डब्याचं झाकण आठवलं नाही. कंडक्टरला वाटलं, तो हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरावा, इतका घट्ट की तो थांबेल. पण त्याने तसं केलं नाही. धक्क्यावरची माणसं एकमेकांशी करतात तसं साधं हस्तांदोलन त्याने केलं, तिच्या थरथरीसकट, आणि हात सोडून दिला.

"आता चौथी लावा," सिस्टर काठी उचलत म्हणाली. "पाणी अजून चढतंय."